मोठ्या शिशूचं एक वर्ष: परळच्या मराठी शाळेचा आमचा अनुभव

गेल्या जूनमध्ये लेकीला मोठ्या शिशूत घातलं, आता एप्रिल संपत आलाय आणि प्रगतिपुस्तक हातात पडलंय. मराठी माध्यम, परळ, घरापासून चालत जाता येईल अशी शाळा. प्रवेश घेण्याआधी मी बऱ्याच जणांना विचारत फिरले, पण सगळे फी आणि निकालाबद्दलच सांगायचे. वर्गात मुलं दिवसभर करतात काय, हे कुणी सांगेना. म्हणून सविस्तर लिहितेय. मत आधीच सांगून टाकते: मी फार खूश आहे, आणि लेक माझ्याहून जास्त.

सुरुवातीचे काही महिने पाटी-पेन्सिल जवळपास नव्हतीच. माती मळायची, कागदाचे कपटे करून चिकटवायचे, मणी ओवायचे, चिंचोके या वाटीतून त्या वाटीत मोजून टाकायचे. सासूबाई अस्वस्थ. "अगं, खालच्या मजल्यावरचा पोरगा पानंच्या पानं लिहितो, आपली नुसते चिंचोके मोजतेय!" पालकसभेत बाईंनी शांतपणे समजावलं: या वयात मनगटातली हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, आधी बोटांत ताकद येऊ दे, मग पेन्सिल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे परिसरातल्याच वस्तूंतून शिकवायची ही पद्धत आहे. चिंचोक्यांना खर्च शून्य, आणि लेकीला आजही त्यांच्यापुढे महागडी खेळणी फिकी वाटतात.

अक्षरं सुरू झाली ती 'अ'पासून नाही, तर ग, म, भ, न अशी. वळणं सोपी, आणि चार अक्षरांतच मग, मन, गगन असे शब्द तयार. शब्द वाचता येतात हे कळलं त्या आठवड्यापासून आमचं रस्त्यावरून चालणं संपलं. आता आम्ही फक्त थांबतो. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर दुकानांच्या पाट्यांवरचं मराठी मोठं झालं, त्याचा सगळ्यात जास्त आनंद मुंबईत कुणाला झाला असेल तर तो पाच वर्षांच्या मुलांना. "आई, मेडिकलचा म! मिठाईचा म! मटणाचा पण म!" भारतमाता सिनेमापासून घरापर्यंत यायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि मला तो हवाहवासा वाटतो.

आकड्यांत एक गंमत झाली. पंचवीस म्हटलं की लेक ५२ लिहायची, कारण कानावर पाच आधी पडतात. बाईंनी खोडलं नाही. दशकाच्या दोन जुड्या आणि पाच सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या आणि "वही खरी बोलते की काड्या?" असं विचारलं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पोरीला काड्या मांडताना पाहिल्यावर मला तरी ती सोय पटली. घरी आजी पंचवीस म्हणते, लेक दोन्ही म्हणते.

आता गणपती. लालबाग-परळमध्ये राहायचं म्हणजे ऑगस्टमध्ये मूर्तींच्या कारखान्यांवरूनच शाळेत जायचं. वर्गातही शाडूचे गणपती केले. आमच्या लेकीच्या गणपतीला दोन सोंडा. विचारलं तर म्हणाली, "एक मोदक खायला, एक आशीर्वाद द्यायला." बाईंनी तो तसाच्या तसा पहिल्या ओळीत मांडला. मला या शाळेबद्दल जे सांगायचंय ते बरंचसं या दोन सोंडांत आलं. मुलाने केलेलं काम मोठ्यांच्या हाताने सुबक करून घरी पाठवायचं नाही, हा नियम त्यांनी वर्षभर पाळला.

सहल राणीच्या बागेत. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये इथे आले, त्यांच्यासाठी थंडगार घर बांधलंय, हे सगळं मी आदल्या रात्री उत्साहाने सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी विचारलं, "पेंग्विन पाहिलेस?" "हो. आई, पण मी बसमध्ये खिडकीत बसले होते!" मग खिडकीचंच वर्णन जेवण होईपर्यंत.

परीक्षा नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही या वयासाठी लेखी परीक्षा अयोग्यच म्हटल्या आहेत. प्रगतिपुस्तकात गुणांच्या जागी बाईंच्या अक्षरात वाक्यं आहेत. त्यातलं एक, "भांडण झाल्यावर स्वतःहून बट्टी करायला जाते", मी सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. इंग्रजीचं काय, असं त्यातल्या निम्म्यांनी विचारलं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, आणि गाणी-गोष्टींतून ते शिशुवर्गातही कानावर पडतं. मला काळजी नाही.

खटकलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. शाळा जेमतेम तीन तास. घरी आजी-आजोबा नसतील आणि दोघंही नोकरी करत असाल, तर पाळणाघराची सोय आधी बघा, नंतर धावपळ होते. पावसाळ्यात जवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की सुट्टीचा निरोप फार उशिरा यायचा. पोरं रेनकोट घालून दारात उभी. आणि स्नेहसंमेलनाचे भाड्याचे कपडे खरंच महाग पडले. घरातल्या ओढणीत मुलं तितकीच गोड दिसली असती, हे मी अभिप्रायाच्या कागदावरही लिहिलंय.

शाळा बघायला जाणार असाल तर सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, वर्ग चालू असताना परवानगी घेऊन जा. नळ आणि शौचालय मुलांच्या उंचीचं आहे का पाहा. मग भिंतीवरची चित्रं पाहा. सगळ्या कागदांवर दोन डोंगरांमधून एकसारखाच सूर्य उगवत असेल, तर बाईंना जरूर कारण विचारा. आमच्याकडे एक सूर्य हिरवा आहे आणि एकाला छत्री आहे. धाकट्याला ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होतील. त्याचा अर्ज याच शाळेत भरलाय.