क्यूआर कोड आम्ही एकदाही स्कॅन केला नाही

शिवाजी पेठेत आमच्या तालमीच्या माडीवर छोटं म्युझियम करायचं ठरलं. जुन्या गदा, मोडी लिपीतले कागद, खासबागच्या कुस्त्यांचे फोटो. खजिनदार मी. लोगो, माहितीपत्रक, देणगीचे फलक असं सगळं करून देतो म्हणून एक डिझायनर आला. गोडबोल्या, लॅपटॉपवर झकास नमुने. चाळीस हजार आगाऊ घेतले. कागद केला नाही. ओळखीतून आलेल्या माणसाकडं कागद मागायचा कसा, हा आमचा कोल्हापुरी संकोच.

पत्रकाचा नमुना आला तेव्हाच कान टवकारायला हवे होते. मुखपृष्ठावर कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली रोमन समुद्रदेवाची मूर्ती! ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, आमचा तिच्याशी काय संबंध? शिवाय खाली ‘80जी करसवलत’. आमची नोंदणी फक्त धर्मादाय आयुक्तांकडं. 80जी आयकर खात्याकडून वेगळं घ्यावं लागतं, ते आम्ही घेतलेलंच नाही. दोन्ही चुका दुरुस्त करून घेतल्या आणि आपण किती बारकाईनं बघतो म्हणून खूश झालो. कोपऱ्यातला देणगीचा क्यूआर कोड मात्र कुणी बघितला नाही. त्यात काय बघायचं, ठिपके तर असतात!

पाचशे पत्रकं वाटली, दारात फलक लावला. अकरा दिवस ट्रस्टच्या खात्यात एक रुपया नाही. आम्ही पेठेतल्या लोकांनाच नावं ठेवत होतो.

मग एका संध्याकाळी तालमीतले जुने पैलवान आप्पा पाचशे एक द्यायला आले. फोन फलकाला लावला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “आरं खजिनदार, हे नाव कुणाचं रं?” पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. ते ट्रस्टचं नव्हतं, डिझायनरचं होतं.

त्याचा फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार दिली, पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. देणगीदारांनी मोबाईलवर दाखवलेले व्यवहारच तेवीस हजार सातशेचे भरले. न सांगितलेले वेगळे. लोगोची मूळ फाईलही त्याच्याकडंच राहिली. हक्क लिहून घेतले नव्हते, त्यामुळं तो लोगो आमचा म्हणायचा तरी कशाच्या जोरावर?

बँकेतून ट्रस्टच्या नावाचा नवा कोड आणलाय. उरलेल्या पत्रकांवर रोज रात्री त्याचं स्टिकर चिकटवत बसतो. आप्पा शेजारी बसून एकेक स्कॅन करतात आणि नाव मोठ्यानं वाचतात.