१०० केएन यूटीएम: मशीन उत्तम, एक्स्टेन्सोमीटरने मात्र जीव खाल्ला

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये हे १०० किलोन्यूटनचं यूटीएम, म्हणजे धातूचा तुकडा ताणून तोडून बघायचं मशीन, गेल्या दसऱ्याला बसलं. लोडबद्दल तक्रार नाही. स्टीलचे बार रोज तुटतात, एकाच हीटचे (एका वेळी वितळवलेल्या मालाचे) आकडे एकमेकांना धरून येतात. मला बोलायचंय ते सोबत आलेल्या क्लिप-ऑन एक्स्टेन्सोमीटरवर (जॉबवर, म्हणजे तपासायच्या तुकड्यावर, अडकवून तो किती ताणला हे मोजायचं साधन), कारण कोटेशनमध्ये त्या ओळीकडे कुणी बघतच नाही.

साध्या ६०६१ ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमला त्याने कधी त्रास दिला नाही. अडलं ते सिलिकॉन कार्बाइड घातलेल्या अ‍ॅल्युमिनियम कंपोझिटवर. ५० मिमी गेज लेंथवर (ज्या लांबीतलं ताणणं मोजतात ती) ०.२ टक्के म्हणजे जेमतेम ०.१ मिमी; प्रूफ स्ट्रेस (माल कायमचा ताणला जायला लागतो तो ताण) तेवढ्यावर ठरतो. त्यात हा माल फारसा ताणतच नाही, काडकन तुटतो. एक्स्टेन्सोमीटरची नाइफ एज (जॉबला टेकणारी धारदार पट्टी) जराशी सरकली की ग्राफला पायरी पडते. कार्बाइडच्या कणांवर घासून तिची धार गेली होती. भिंगाखाली कडेला चकचकीत सपाट पट्टी दिसत होती. फोटो पाठवला तर सर्व्हिसवाल्यांचं उत्तर, "साहेब, तुमचा जॉबच वाकडा असेल." जॉब सरळ आहे हे दाखवायला तो सेंटरमध्ये धरून डायल लावला, व्हिडिओ पाठवला, तेव्हा कुठे इंजिनिअर आला. वर सुटी नाइफ एज मिळत नाही, अख्खा सेट घ्या! वॉरंटीतही नाही.

इंजिनिअरने सुचवलं, क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या आडव्या भागाच्या) सरकण्यावरून स्ट्रेन, म्हणजे ताणण्याचं प्रमाण, घ्या. हे मला अजिबात पटलं नाही. त्या सरकण्यात फ्रेमचं ताणणं, जॉबचं जबड्यात रुतणं, सगळं मिसळतं. ७० गीगापास्कलच्या अ‍ॅल्युमिनियमचा मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) असा काढला तर कितीतरी कमी येतो. आणि कंपोझिटचा ग्राहक येतो तो मॉड्युलस किती वाढला हेच बघायला. त्याला असला रिपोर्ट मी देणार नाही.

ग्रिपबद्दलचं मत मात्र बदललं. वेज ग्रिपमध्ये (पाचरीसारख्या जबड्यांच्या पकडीत) कंपोझिट जबड्याच्या तोंडाशीच तुटायचं, टेस्ट बाद. जादा पैसे देऊन घेतलेले आट्यांचे होल्डर मला तेव्हा उधळपट्टी वाटले होते. त्यांची बैठक गोल आहे, जॉब आपोआप सरळ रेषेत येतो, वाकण्याचा ताण कमी होतो. आता बहुतेक तुकडे गेज लेंथच्या आतच तुटतात. हा खर्च वसूल झाला.

नवा सेट शेवटी घेतलाच. धार बदलल्यावर आयएसओ ९५१३ प्रमाणे पुन्हा कॅलिब्रेशन, तोही खर्च आमच्याच माथी. कंपोझिट तपासणार असाल तर पीओ (खरेदीची ऑर्डर) काढण्याआधी सुट्या नाइफ एजचा दर कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.