ओपिनेल क्रमांक ६, आठ महिन्यांच्या वापरानंतर: पावसाळ्यात पातं का अडकतं?

जुलै लागला की ओपिनेल, हा लाकडी मुठीचा मिटणारा फ्रेंच चाकू, उघडत नाही. कार्बन पोलादाचा असो की स्टेनलेस, ६ नंबर असो की ८, पातं अडवणारी कडी फिरवून पात्याच्या खोबणीत नख घातलं तरी पातं जागचं हलत नाही, आणि जास्त जोर लावला तर नख तुटतं. जानेवारी ते मे वापरून "उत्तम चाकू" असं लिहिणं सोपं आहे. हा अनुभव पावसाळा धरून लिहिला आहे, आणि यातला बराचसा भाग या एका दोषावरच जाणार आहे.

आधी नंबराचं उरकू. ६ नंबरचं पातं ७ सेंटिमीटर, ८ चं साडेआठ. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर राहायचा असेल तर ६ किंवा ७. पेरू, काकडी, सुतळी, पार्सलची टेप, गोणीची शिवण एवढ्याला ६ पुरतो. ८ हातात छान बसतो, पण बसताना मांडीला टोचतो. २ ते ५ नंबरांना कडी नसते, म्हणजे पातं अडवायला काही नाही. ते घेऊ नयेत. ६ पासून पुढे व्हिरोब्लॉक कडी येते. ती १९५५ साली आली आणि २००० पासून बंद अवस्थेतही पातं अडवते, त्यामुळे खिशात आपोआप उघडायची भीती नाही.

एवढ्या साध्या बांधणीचा चाकू दुसरा सापडणं कठीण. पातं, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडावर घट्ट बसवलेलं पोलादी कडं, त्यातून आरपार गेलेली खीळ, आणि कड्यावर फिरणारी, एका बाजूला चीर असलेली कडी, असे एकूण पाच भाग. फ्रान्समधल्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू पहिल्यांदा बनवला, तेव्हा फिरणारी कडीही नव्हती. डोंगरातल्या शेतकऱ्याने ब्रेड, चीज आणि सॉसेज कापायचं हत्यार ते. त्या लोकांनाही लाकूड फुगण्याचा त्रास होताच, कारण अडकलेलं पातं काढायची एक युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते: सावोयचा ठोका. कडी मोकळी करायची, पातं मिटतं त्या मुठीतल्या खाचेपासून बोटं दूर धरायची आणि मुठीची टाच, म्हणजे मागचं टोक, टेबलावर ठोकायची. झटक्याने पात्याचं टोक थोडं बाहेर येतं, मग ते चिमटीत धरून ओढायचं. एरवी ही युक्ती चालते. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत तीही पुरत नाही.

आता कारण. मूठ बीच नावाच्या युरोपी झाडाच्या लाकडाची असते. बीच कणखर, गुळगुळीत आणि स्वस्त, पण ओलाव्याला फार हळवं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेत बीच सुमारे १२ टक्के आकसतं, साग साडेपाच टक्क्यांच्या आसपास. दमट हवेत हाच हिशेब उलट चालतो. पण नुसतं फुगणं हा त्रास नाही. मोकळं लाकूड सगळीकडून फुगलं तर त्याची खाचही रुंदावते. इथे मुठीच्या तोंडावर पोलादी कडं आहे, लाकडाला बाहेर सरकायला जागाच नाही. ते आत सरकतं आणि खिळीजवळ पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटतं. म्हणजे अडकण्याची खरी जागा कड्याच्या आतली, तोंडापासून सव्वा ते दीड सेंटिमीटर एवढीच. बाकी खाच मोकळी असते.

हे कळलं नाही तर चुकीची दुरुस्ती होते. पहिले काही महिने इथे सल्ला हाच असता की पॉलिश पेपर दुमडून खाच घासा. तो आता मागे. एक तर पेपर कड्याच्या आत पोचतच नाही, लोक मधली खाच घासत बसतात आणि उपयोग शून्य. दुसरं म्हणजे फुगलेल्या लाकडाला जुलैत मोकळं होईपर्यंत घासलं, तर एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पातं खुळखुळतं, डावी-उजवीकडे डुलतं. कडीची पकडही मग ढिली पडते. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही. घासायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, लाकूड पूर्ण वाळलेलं असताना, २२० नंबरचा पेपर जुन्या हॅकसॉच्या पात्यावर गुंडाळून चार-पाच हात, त्याहून जास्त नाही.

दुसरा नेहमीचा उपाय बाहेरून मेण किंवा वार्निश. मुठीला कारखान्यातूनच वार्निश येतं. ओलावा आत शिरतो तो खाचेच्या उघड्या लाकडातून आणि कड्याखालच्या कापलेल्या रेषांच्या टोकांतून. तिथे वार्निश नाही, मेणही पोचत नाही.

पेट्रोलियम जेली वितळवून मूठ बुडवणं हा मधला मार्ग. पावसाळ्यापुरता तो काम करतो आणि पातं सुटं राहतं, म्हणून सुरुवातीला तोच चांगला वाटतो. पण मे महिन्यात खिशाच्या उबेने जेली पाझरते, कपड्यांना डाग पडतात, आणि फळ कापताना खाचेतून ती पात्यावर येते.

टिकणारा उपाय अळशीच्या तेलाचा. तेल कच्चं, खायच्या दर्जाचं घ्यायचं. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात सुकवणारी रसायनं असतात, ते खाण्याच्या चाकूला नको. मे महिन्याच्या सुरुवातीला सर्क्लिप प्लायरने (कडी फाकवायच्या पकडीने) फिरणारी कडी जेमतेम फाकवून पात्याच्या बाजूने काढायची. जास्त फाकवली तर परत बसवल्यावर सैल पडते. खिळीला हात लावायचा नाही. ती ठोकून काढली तर पुन्हा नीट बसत नाही. चाकू आठवडाभर उघडा ठेवून वाळवायचा. मग पातं बंद करून, कडं खाली येईल असा, छोट्या उभट भांड्यात तीन सेंटिमीटर कोमट तेलात रात्रभर उभा करायचा. लाकडाच्या रेषांची टोकं तेल वर ओढतात. सकाळी उघडून खाचेतलं तेल कापडाच्या पट्टीने पुसायचं आणि चाकू अर्धवट उघडा टांगायचा.

इथेच लोक घाई करतात. अळशीचं तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. त्या काळात पातं रोज चार-पाच वेळा उघडबंद करायचं, नाहीतर तेलच डिंकासारखं पातं चिकटवतं. अशा दोन फेऱ्या, जमल्या तर तीन. शेवटी खिळीवर एक थेंब लिक्विड पॅराफिन, मेडिकलच्या दुकानात मिळतं ते. तेल पुसलेली कापडं बोळा करून फेकू नका. अळशीचं तेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

एवढं केल्यावर जुलैत पातं जड लागतं, पण उघडतं. पूर्ण मोकळं राहील अशी अपेक्षा ठेवू नये. तेल न पाजलेल्या मुठीचा चाकू अडकलाच तर गॅसवर किंवा तव्याजवळ धरू नका, मूठ तडकते. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून दहा मिनिटं, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर तीन-चार दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगतात, पण पावसाळ्यात तांदूळ स्वतःच सर्दावलेले असतात.

पोलादाबद्दलचं मतही मधेच बदललं. किनाऱ्यावर कार्बनचा चाकू नकोच, असं ठाम म्हणायचं होतं. कार्बनच्या पात्यात क्रोमियम जवळजवळ नसतं, ओलं ठेवलं तर एका रात्रीत लाल गंज येतो हे खरं. पण दोन-चार कैऱ्या आणि लिंबं कापली की त्यावर निळसर काळा थर चढतो आणि लाल गंज बराच रोखला जातो. पहिल्या काही वेळा फळाला लोखंडी चव येते आणि कापलेली कड काळवंडते, मग थांबते. कापून झाल्यावर पुसणं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवणं पुरतं. शेंगदाण्याचं तेल लावू नका, चिकट होतं. तरीही खिळीजवळच्या भागात पुसता येत नाही आणि गंज तिथेच आधी धरतो. म्हणून समुद्राजवळ स्टेनलेस, विदर्भ-मराठवाड्यात आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला बेलाशक कार्बन. लाकडाचा त्रास दोन्हींना सारखाच, स्टेनलेस घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नये.

धार हा या चाकूचा खरा आनंद. पातं जेमतेम दीड मिलिमीटर जाड आणि कडेकडे हलकेच फुगीर निमुळतं, त्यामुळे टोमॅटोवर नुसतं टेकवलं तरी साल कापली जाते. धार लावायला महागडा दगड लागत नाही. काचेवर ६०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर, प्रत्येक बाजूला साधारण २० अंश, शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर वीस-तीस हात. सायकलवरच्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर हे पातं कधीच देऊ नका. पातळ कड क्षणात तापून निळी पडते, पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि त्यानंतर धार टिकत नाही. डब्याची झाकणं उचकटायलाही हा नाही, टोक तुटतं.

खिशात बाळगण्याबद्दल: शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं वगळून. ७ सेंटिमीटरचं पातं त्यात बसत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल तेव्हा कोणताही चाकू घरीच ठेवा. विमानात तो केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या सामानातच टाका.

दुकानात बघून घ्यायची संधी मिळाली तर मुठीची टाच उजेडात धरा. तिथे वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या खाचेला आडव्या जात असतील तर लाकूड पात्याच्या दिशेने सगळ्यात जास्त फुगणार. खाचेला समांतर असतील तर साधारण निम्मं. एकाच खोक्यातले दोन ६ नंबर पावसाळ्यात वेगळे वागतात ते यामुळेच. पाच-सहा चाकू उलटेपालटे करून बघा, दुकानदार कंटाळला तरी समांतर रेषांचाच उचला, आणि मग त्या मे महिन्यात तेल पाजायला विसरू नका.