कॉलेजात गाणं शिकवायचं की घरी क्लास काढायचा?

एम.ए. संगीत झालंय, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) निघालीय किंवा निघेल, आणि आता बेळगाव-धारवाड पट्ट्यात नोकरी धरावी की घरी क्लास काढून मैफिली कराव्यात, असा पेच पडलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी सीमाभागातल्या एका कॉलेजात शिकवलं, आता बेळगावच्या शहापुरात घरीच क्लास चालवतो.

पैशाचं पटकन सांगतो. कायम जागा मिळाली तर तिच्या पगाराला क्लास पुरा पडत नाही. पण कायम जागा निघतात किती? बहुतेकांना आत शिरावं लागतं ते अतिथी व्याख्याता म्हणूनच, आणि त्यात सुट्टी लागली की मानधन थांबतं. नेट नसली तरी एक वाट आहे: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत गुरूकडे शिकलेल्या, आकाशवाणीची ‘ए’ श्रेणी असलेल्या पदवीधर कलाकाराला सहायक प्राध्यापक होता येतं. धारवाड केंद्रावर गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रतिष्ठेचा मुद्दा निघाला की धारवाडची नावं येतात. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल हे कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेले होते, हे खरंच. पण ते तिथे गेले ते मैफिलीत नाव झाल्यावर, मानाने. आपण जातो ते नाव व्हायच्या आधी, हजेरीपट घेऊन. दुसऱ्या, म्हणजे क्लासच्या बाजूलाही आपल्याच भागातला दाखला आहे. सुळेभावीचे कुमार गंधर्व घडले ते देवधर मास्तरांच्या मुंबईतल्या शाळेत, आणि ती मास्तरांनी स्वतःच्या हिमतीवर चालवली होती.

माझ्यापुरता निर्णय झाला तो पट्टीवरून, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्यावरून. मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी माझा ‘सा’. वर्गात बहुतेक मुली, त्यांची पट्टी काळी चारच्या आसपास. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चारचा षड्ज (सा). म्हणजे सकाळी दहापासून मी माझ्या पंचमाला ‘सा’ म्हणत बसायचो. त्यांचा तार षड्ज (वरचा सा) दाखवायचा तर माझ्या तार पंचमापर्यंत जायचं, नाहीतर सगळं खाली उतरवून खर्जात पुटपुटायचं. त्यात चार मुलगे असले की मधली कुठली तरी पट्टी धरायची, जी कोणाच्याच गळ्याची नसते. आठवड्याला सोळा तास अध्यापन हे कागदावर फार वाटत नाही. पण आपलं शिकवणं सांगून होत नाही, गाऊनच होतं. ऑपेरा गाणारे गायक तिकडच्या विद्यापीठांत गळा शिकवतात ते एका वेळी एकाच विद्यार्थ्याला, साथीला पियानो. सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) आणि बॅरिटोनला (खालचा पुरुष-आवाज) एका पट्टीत कोंबायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

गळा थकला तर एका रात्रीत सावरतो. कान मात्र सावरत नाही. संध्याकाळी घरी तानपुरा लावून बसलो की माझा षड्ज परका वाटायचा. यमन सुरू करावा आणि कान पंचमाकडेच ओढ घेणार. तासभर नुसता सा धरून बसल्यावर कुठे जागा सापडायची, आणि तोवर जेवायची वेळ. हे प्राचार्यांना कसं समजावणार? वेळापत्रक सत्रापुरतं ठरलेलं असतं, आणि त्यांच्या दृष्टीने तास म्हणजे तास.

क्लासमध्ये हे माझ्या हातात आहे. पहाटेचा वेळ माझा, खर्जाच्या (खालच्या सुरांच्या) रियाजाचा. सकाळी पुरुष-आवाज, माझ्याच पट्टीत. मुली संध्याकाळी, आणि तिथे पुढे गेलेली एखादी शिष्या धाकट्यांपुढे गाते, मी ऐकून दुरुस्त करतो. दिवाळी पहाट, दत्तजयंती, गोव्यातल्या देवळांचे उत्सव यांना नकार द्यावा लागत नाही. कॉलेजात नेमक्या याच दिवसांत प्रात्यक्षिक परीक्षा यायच्या.

क्लासची दुखणी आहेत. पालकांना परीक्षा हवी असते, मग मिरजेच्या गांधर्व मंडळाची प्रवेशिका-मध्यमा किंवा कर्नाटकातली ज्युनियर-सिनियर. तयारीचं मूल दहावी आली की गायब होतं. पावसाळ्यात बिदागी जवळजवळ शून्य. इकडे तग धरायचा तर अभंग-नाट्यगीताबरोबर वचनं आणि दासरपदं ही कन्नड भक्तिपदंही गळ्यावर हवीत. मराठी मंडळाचा गणपती झाला की कन्नड मठाचं बोलावणं येतं, आणि दोन्हीकडे मनापासून ऐकणारे असतात.

घरावर कर्ज असेल, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर कायम नोकरी नाकारा असं मी म्हणणार नाही. गायिका असाल तर माझी अडचण तुम्हाला फारशी जाणवणारही नाही, कारण वर्गाची पट्टी जवळपास तुमचीच असेल. तुमच्यासाठी तराजू नोकरीकडे झुकू शकतो. पण खालच्या पट्टीत गाणारे असाल आणि मैफल सोडायची नसेल, तर माझा कौल क्लासला. तरीही नोकरी घ्यायचीच झाली तर रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: मुलगे-मुलींचे प्रात्यक्षिकाचे तास वेगळे मिळतील का, आणि दिवसाचा पहिला तास लेखी विषयाचा घेता येईल का.