अल्कीनपासून अल्कोहोल: तीन मार्गांपैकी कोणता निवडावा?

अल्कीनच्या (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनच्या) दुहेरी बंधावर पाण्याचे समावेशन करून अल्कोहोल मिळवायचे असेल, तर तीन मार्ग समोर असतात: विरल सल्फ्युरिक आम्ल वापरून थेट जलसमावेशन, ऑक्सिमर्क्युरेशन-डिमर्क्युरेशन आणि हायड्रोबोरेशन-ऑक्सिडीकरण. तिन्हींतला स्वस्त किंवा सोपा तेवढा उचलावा, असे येथे चालत नाही, कारण त्यांतून निघणारे अल्कोहोल पुष्कळदा मुळातच वेगळे असते.

३,३-डायमिथिल-१-ब्युटीन घेऊ. आम्लाचा प्रोटॉन टोकाच्या कार्बनाला जोडला गेला की शेजारच्या कार्बनावर धनभार येतो. हा द्वितीयक कार्बोकॅटायन (ज्याचा धनभारित कार्बन दोन कार्बनांना जोडलेला आहे असा आयन) तसाच राहत नाही, तर पलीकडच्या कार्बनावरचा एक मिथिल गट आपल्या इलेक्ट्रॉन-जोडीसह त्याच्याकडे सरकतो आणि अधिक स्थिर असा तृतीयक (तीन कार्बनांना जोडलेला) कार्बोकॅटायन तयार होतो. पाणी तिथे जोडले जाते आणि हाती प्रामुख्याने येते ते २,३-डायमिथिल-२-ब्युटेनॉल, म्हणजे कार्बनांचा सांगाडाच बदललेला असतो. याच अल्कीनवर टेट्राहायड्रोफ्युरान आणि पाण्याच्या मिश्रणात मर्क्युरिक ॲसिटेटची व नंतर सोडियम बोरोहायड्राइडची अभिक्रिया, म्हणजेच ऑक्सिमर्क्युरेशन-डिमर्क्युरेशन, केली, तर ३,३-डायमिथिल-२-ब्युटेनॉल मिळते. पारा दोन्ही कार्बनांना एकाच वेळी धरून ठेवत असल्यामुळे मोकळा कार्बोकॅटायन निर्माणच होत नाही आणि मिथिल गटाला सरकण्याचे कारण उरत नाही. बोरेन आणि त्यानंतर अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्यास, म्हणजे हायड्रोबोरेशन-ऑक्सिडीकरण केल्यास, मात्र हायड्रॉक्सिल गट टोकाला बसतो आणि ३,३-डायमिथिल-१-ब्युटेनॉल तयार होते. परीक्षकांना हे उदाहरण आवडते ते उगाच नव्हे.

तेव्हा हायड्रॉक्सिल गट कोणत्या कार्बनावर हवा, हे आधी ठरवावे. मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमानुसार तो अधिक प्रतिस्थापित, म्हणजे जास्त कार्बन जोडलेल्या, कार्बनावर बसतो; या नियमाविरुद्ध तो कमी प्रतिस्थापित कार्बनावर हवा असेल, तर तिघांपैकी हायड्रोबोरेशनच उपयोगी पडते. हा मार्ग विकसित करणारे रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्राउन यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते बोरॉन संयुगांवरील कामासाठी. या मार्गाचा दुसरा गुण अवकाशीय रचनेत दिसतो: बोरॉन आणि हायड्रोजन दुहेरी बंधाच्या एकाच बाजूने जोडले जातात आणि पुढे बोरॉनच्या जागी हायड्रॉक्सिल गट त्याच दिशेने बसतो, म्हणून १-मिथिलसायक्लोपेंटीनपासून ट्रान्स-२-मिथिलसायक्लोपेंटेनॉल (ज्यात मिथिल व हायड्रॉक्सिल गट वलयाच्या विरुद्ध बाजूंना असतात) मिळते. अडचण हाताळणीची आहे. काचपात्रे कोरडी हवीत आणि हवेऐवजी नायट्रोजन हवा.

नियमाप्रमाणेच उत्पादित हवे असेल, तर सांगाडा बदलण्याचा धोका आहे का, ते पाहावे. १-मिथिलसायक्लोहेक्झीनमध्ये तृतीयक कार्बोकॅटायन सुरुवातीलाच मिळतो, त्यामुळे तिथे आम्ल पुरेसे आहे आणि विषारी पारा वापरणे, माझ्या मते, असमर्थनीय आहे. आम्लमार्गाची अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते, म्हणून पाणी भरपूर ठेवावे लागते. कारखान्यात इथीनपासून इथेनॉल बनवतानाही आम्लच, म्हणजे फॉस्फरिक आम्ल, वापरतात. सरकण्याजोगा गट तिथे नसतोच.

२-पेंटीनसारख्या अल्कीनमध्ये दुहेरी बंधाचे दोन्ही कार्बन सारखेच प्रतिस्थापित असल्यामुळे तिन्ही मार्गांनी २-पेंटेनॉल आणि ३-पेंटेनॉल यांचे मिश्रणच पदरी पडते. अशा वेळी अभिकारक बदलत बसण्यापेक्षा अल्कीन बदलावे: निव्वळ २-पेंटेनॉल हवे असेल, तर १-पेंटीनपासून सुरुवात करून पाऱ्याचा मार्ग घ्यावा, कारण आम्ल वापरल्यास येथेही हायड्राइड (इलेक्ट्रॉन-जोडीसह हायड्रोजन) सरकून ३-पेंटेनॉलची भेसळ होते.