काहूट की प्लिकर्स?

पहिल्याच पाठाला काहूट किंवा प्लिकर्स या ॲपवर प्रश्नमंजूषा घ्यायची आहे, तर आधी वर्गात मोबाइल किती ते बघा. काहूटला सहसा प्रत्येक मुलाच्या किंवा गटाच्या हाती एक लागतो, शिवाय चालतं इंटरनेट. प्लिकर्सला तुमचा एकच पुरतो. मुलं छापील कार्ड धरतात. कार्डाच्या A, B, C, D या चार बाजूंपैकी जी वर, ते उत्तर. कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते नावानिशी दिसतं. कार्डं एकदाच छापायची, फक्त चकचकीत लॅमिनेशन टाळा. उजेड चमकला की कार्ड वाचलं जात नाही.

काहूटमध्ये सहसा लवकर उत्तराला जास्त गुण. चुरस रंगते, पण सावकाश विचार करणारं मूल मागे पडतं, हे मला फार खटकतं.

धडा संपल्यावरच्या उजळणीला काहूट छान. रोज कोणाला काय समजलं हे पाहायचं, तर प्लिकर्सच घ्या.