गिम्प ३.०: कृष्णधवल फोटोला स्वप्नाळू झळाळी देताना

कृष्णधवल फोटो स्वप्नाळू करायचा म्हणजे तो धूसर करायचा, असा समज असेल तर कुठलेही सॉफ्टवेअर घ्या, फोटो बिघडणारच. या शैलीत तपशील जागच्या जागी शाबूत राहतो आणि त्याच्यावरून उजेड पसरतो. कॅनडाचे फोटोग्राफर मायकेल ऑर्टन यांनी १९८०च्या दशकात हे साधले ते दोन स्लाइड (पारदर्शक फिल्मवरची चित्रे) एकावर एक ठेवून: एक रेखीव, दुसरी मुद्दाम फोकसबाहेर, दोन्ही जास्त एक्स्पोज केलेल्या. कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणाऱ्या) फिल्मची झळाळीही उजेडाच्या पसरण्यातूनच यायची, कारण फिल्मच्या पाठीवरून परतणारा प्रकाश अडवणारा थर तिला नव्हता. गिम्प या फोटो संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा परिणाम उत्तम साधतो. मार्च २०२५मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत तर विशेषच, कारण आता फिल्टर लावल्यावर तो लेयरमध्ये (फोटोच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकात) कायमचा मुरत नाही; केव्हाही उघडून आकडे बदलता येतात.

रंग काढण्यापासूनच निवड सुरू होते. कलर्स मेन्यूतल्या डिसॅच्युरेटमध्ये मोनो मिक्सर आहे, तोच वापरा. साध्या डिसॅच्युरेटमध्ये लाल फूल आणि हिरवे पान जवळपास एकाच करड्या छटेत जाऊन बसतात. चेहऱ्यासाठी लाल ०.६, हिरवा ०.३, निळा ०.१ इथून सुरुवात करा. त्वचा उजळते, डाग मागे सरतात. झाडीला इन्फ्रारेडसारखी पांढुरकी झाक हवी असेल तर हिरवा १.६, लाल ०, निळा उणे ०.६ असे काही करून पाहा. तिन्हींची बेरीज १च्या आसपास राहिली की एकूण उजेड फारसा ढळत नाही. मात्र उणे निळा वापरला की आकाशात नॉइज (ठिपक्यांची खरखर) उसळतो, आणि फोटो जेपीईजी असेल तर चौकोनी ठोकळे उघडे पडतात, कारण जेपीईजीत रंगाची माहिती आधीच दाबून साठवलेली असते. इमेज मेन्यूत जाऊन प्रिसिजन १६ बिट करून घ्या, म्हणजे छटांच्या पायऱ्या बारीक होतात, नाहीतर पुढच्या ब्लरने आकाशात पट्टे पडतील. फोटो आरजीबी (रंगीत) मोडमध्येच ठेवा, म्हणजे शेवटी हलका सेपिया (तपकिरी झाक) द्यायची वाट मोकळी राहते.

आता खरा कस. लेयरची प्रत काढा, तिचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची रीत) स्क्रीन करा आणि तिच्यावर गॉशियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर लावा. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोला ३० ते ४५ हा आकडा चांगला. वेबसाठी दीड हजारांवर आणलेल्या फोटोला ८ ते ११ पुरे. ठरीव आकडा सगळीकडे लावला की कधी परिणाम दिसतच नाही, तर कधी झाडाच्या कडेने जाडजूड प्रभावळ उमटते.

इथवर आलात की फोटो दुधाळ दिसू लागेल. स्क्रीन मोड काहीच गडद करत नाही, त्यामुळे सावल्याही उजळतात आणि काळा रंग उतरतो. अनेक जण इथे ओपॅसिटी (लेयरची अपारदर्शकता) कमी करतात. त्याने दूध कमी होते, पण झळाळीही जाते. त्याऐवजी प्रतीच्या लेयरवर कर्व्हज (उजेड-सावली वक्राने बदलणारे साधन) लावून वक्राचा खालचा अर्धा भाग तळाशी खेचा. स्क्रीनमध्ये काळ्याचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून सावल्या जशाच्या तशा राहतात आणि फक्त उजळ भागांतून प्रकाश सांडतो. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी कर्व्हज, मग ब्लर. उलट केले तर झळाळीची विरत जाणारी कडाच कापली जाते आणि प्रकाशाला कठीण काठ येतो. क्रम चुकला तरी लेयरच्या ओळीतल्या एफएक्स चिन्हावर टिचकी मारून यादीत फिल्टर खालीवर करता येतात. जुन्या २.१०मध्ये हे शक्य नव्हते. सगळे पुसून पुन्हा करावे लागे. फिल्टरच्या खिडकीत मर्ज फिल्टरवर खूण नाही ना, तेवढे पाहा. एवढे झाल्यावर प्रतीची ओपॅसिटी ३५ ते ५० टक्के ठेवा.

हाच लेयर मल्टिप्लाय या गडद करणाऱ्या मोडमध्ये टाकला तर सावल्या उजेडात झिरपतात आणि भाव एकदम उदास होतो. मघाशी लावलेले कर्व्हज मात्र आधी काढून टाकावे लागतात. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या लेन्सखाली जाळी धरून प्रिंट काढली की असेच व्हायचे. पावसाळी रस्ते, जुनी दारे यांना हे शोभते. लहान मुलांच्या चेहऱ्यांना अजिबात नाही.

तयार फिल्टरांपैकी ब्लूम बरा आहे, कारण कुठल्या उजळपणापासून चमक सुरू व्हावी हे त्यात ठरवता येते. सॉफ्टग्लो पटकन होतो, पण ताबा कमी.

चेहरा असेल तर झळाळीच्या लेयरला पांढरा मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) द्या आणि मऊ काळ्या ब्रशने, ५० टक्के ओपॅसिटीवर, डोळे आणि ओठांची कड हलकेच मोकळी करा. पूर्ण मोकळी केलीत तर डोळे चिकटवल्यासारखे दिसतात.

ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणा) सर्वात शेवटी, आकार लहान करून झाल्यावर. आधी टाकलेला ग्रेन लहान करताना विरून जातो. ८०८०८० या करड्या रंगाचा नवा लेयर, त्यावर आरजीबी नॉइज (इंडिपेंडंट आरजीबी बंद ठेवून), मग ०.६चा गॉशियन ब्लर, मोड ओव्हरले, ओपॅसिटी २० टक्के. ८ बिट जेपीईजी काढताना आकाशात पडणारे पट्टे हा ग्रेनच झाकतो, म्हणून तो गाळू नये.

उणिवा आहेतच. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) गिम्प स्वतः उघडत नाही, सोबत डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे सॉफ्टवेअर लागते. खालच्या सगळ्या लेयरांवर परिणाम करणारे स्वतंत्र ॲडजस्टमेंट लेयर नाहीत. मोठ्या फोटोवर दोनतीन जिवंत (न मुरवलेले) फिल्टर साचले की प्रत्येक बदलाला थांबावे लागते. तेव्हा निम्म्या आकाराच्या प्रतीवर प्रयोग करून, ब्लरचा आकडा दुप्पट करून मूळ फोटोवर न्यावा. एकेक फोटो जीव लावून करणाऱ्याला गिम्प मनापासून सुचवावेसे वाटते. लग्नाचे शेकडो फोटो एकाच छापाचे काढायचे असतील तर मात्र दुसरे काही पाहा: एकेका फिल्टरचे आकडे प्रीसेट म्हणून साठवता येतात, पण स्वतः स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिली नाही तर लेयर, मोड आणि मास्क प्रत्येक फोटोत हातानेच मांडावे लागतात.